बोनेट, मडगार्ड आणि घरतनाना

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला चावी, पेट्रोल आणि लायसन्स एवढं पुरत नाही. घरतनानांच्या परीक्षेत पासही व्हावं लागतं.

सकाळी आठला नाना बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीखाली उभे असतात. ती त्यांचीच खिडकी. अंगात पांढरा सदरा, हातात कुठल्याशा जीपची तुटलेली अँटेना. आपण हेल्मेट चढवून घाईत निघालो की अँटेना आडवी येते आणि चाकावर टेकते.

"व्हाट इज धिस?"

"नाना, ऑफिसला उशीर होतोय."

"मडगार्ड हाय ते. बोला."

"मडगार्ड."

"मोठ्यानं बोला, साहेब! जेवले नाय काय?"

मग सगळ्या विंगा दचकतील असं 'मडगार्ड' ओरडायचं. नाना मान वर करून क्षणभर थांबणार आणि मगच वाट सोडणार. उत्तर स्वतःच आधी सांगून टाकणारा परीक्षक मी दुसरा पाहिला नाही. आमच्या शाळेत हे असते तर मी आज कलेक्टर असतो.

नानांच्या इंग्रजीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यात क्रियापद एकच, 'इज'. बाकी सगळी नामं, आणि तीही हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत. पण तेवढ्या मुलखात त्यांना तोड नाही. दूधवाल्याला हँडल, कुरियरवाल्याला साइड स्टँड. तळमजल्यावरच्या जोशीबाईंकडे वाहनच नाही, तर त्यांची भाजीची ट्रॉली अडवून त्यांच्याकडून 'व्हील' वदवून घेतलं. आमच्याकडे पाहुणे येईनासे झाले. हा एक फायदा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

नानांचं उरण नाक्यावर स्पेअर पार्टचं दुकान होतं. मिठागराची जमीन सरकारनं घेऊन पैसे दिले तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी बंगले बांधले, नानांनी दुकान टाकलं. शहाण्यांच्या घरात असा एखादा निघतोच. द्रोणागिरीकडे जाणारे ट्रेलरवाले, करंजा बंदरातले बोटवाले, सगळे त्यांच्याकडे यायचे. दुकानाची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक काउंटरवर पार्टचं नाव घेणार, नाना त्याला ते वर तोंड करून मोठ्यानं ओरडायला लावणार आणि माळ्यावरून नानी तेच नाव परत ओरडणार, म्हणजे भलता माल खाली यायला नको. त्यावर नानींचा एक प्रश्न ठरलेला: "कंच्या गाडीचा?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय साधा नटसुद्धा माळ्यावरून उतरत नसे. मी एकदा स्कूटरची ब्रेक केबल घ्यायला गेलो होतो. नानी दिसल्याच नाहीत. वरून हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा खाली आला, केबलसकट.

वर्षभरापूर्वी दुकान बंद झालं. नानींना पक्षाघात झाला असं कळलं. आम्ही सगळ्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकली आणि शेजारधर्म पुरा केला. त्यानंतर महिनाभरात नाना अँटेना घेऊन खाली उतरले. म्हाताऱ्याचं दुकान सुटलं, आता डोकंही सुटलं, असा निकाल आम्ही देऊन टाकला.

मग मी नवी गाडी घेतली. पहिल्याच दिवशी नानांची अँटेना तिच्या बोनेटवर टेकली आणि बारीकसा ओरखडा उठला. आता प्रश्न सोसायटीच्या शिस्तीचा झाला होता. मी सेक्रेटरी. रात्रीतून नोटीस तयार केली: 'पार्किंगमध्ये विनापरवाना शैक्षणिक उपक्रम राबवण्यास सक्त मनाई आहे.' भाषेवर खूश होऊन रविवारी सकाळी मी स्वतःच ती द्यायला पहिल्या मजल्यावर गेलो.

दार उघडंच होतं. नाना खाली वर्गावर होते. नानी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. हाक मारणार तोच खालून आवाज आला.

"व्हाट इज धिस?"

"हँडल," दूधवाला म्हणाला.

"मोठ्यानं!"

"हँडल!"

नानींच्या मानेची शीर ताणली गेली. "हं... हं... डल." आणि डावा हात हळूहळू वर गेला, फळीवरून काहीतरी काढून द्यावं तसा. तिथे फळी नव्हती. हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग मांडीवर उतरला.

मी नोटीस धरून उभा. तेवढ्यात नाना वर आले. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी मला जिन्यात नेलं.

"डाक्टर बोलले, तिला बोलती ठेवा, नायतर हायत ते शब्दबी जातील," ते हळू आवाजात म्हणाले. "माज्यासमोर ती बोलत नाय. शब्द अडला का रडते, तोंड फिरवते. पन गिऱ्हाईक ओरडलं का तिच्या तोंडून येतंच. तीस वर्षांची सवय हाय ना. पाणी, भाकर, माजं नाव, सगलं गेलं, साहेब. पार्ट तेवढं ऱ्हायलंत. तेबी खालून जेवढं येतील तेवढंच परत बोलते." मग त्यांनी कागदाकडे बोट केलं. "पन तुमचंबी बराबर हाय. गाड्या खराब व्हतात. उद्यापासून बंद."

मी नोटिशीची घडी करून खिशात घातली. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी नाना खिडकीखाली होते, पण हात मोकळे. गाड्या मुकाट्यानं निघून जात होत्या. मी माझी गाडी नेमकी खिडकीखाली आणून थांबवली, उतरलो आणि वर तोंड करून ओरडलो, "हॉर्न!"

मी पुन्हा ओरडलो. समोरच्या विंगेच्या तीन खिडक्या उघडल्या. सेक्रेटरीचं डोकं फिरल्याची बातमी नाश्त्याआधीच सगळीकडे पोचणार होती.

"तो तिला जमत नाय," नाना कुजबुजले. "सोप्पा द्या. टायर द्या."

पण मी आता गिऱ्हाईक होतो. "नानी," मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "एक हॉर्न द्या!"

खिडकीतून आधी नुसती घरघर ऐकू आली. मग एकेक शब्द चाचपडत बाहेर आला.

"कंच्या... गाडीचा?"

वर्षभरात त्या बाईनं कुणाला काही विचारलं नव्हतं. नाना माझ्या नव्या कोऱ्या बोनेटवर मटकन बसले, बरोबर त्या ओरखड्यावर. मी वर खिडकीकडेच बघत राहिलो.

"सांगा की, साहेब," सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत नाना ओरडले. "मोठ्यानं सांगा! ती खोलंबली हाय!"