रयत खंय गेली?

आमच्या पथकात सरदारकी नाकारणारा आजवर एकच माणूस निघाला, आणि तो नेमका सहा फूट दोन इंच उंच होता. पांढऱ्याशुभ्र मिशा पार कल्ल्यांपर्यंत गेलेल्या, छाती कपाटाएवढी, आणि आवाज असा की खालून हाक मारली तर चाळीच्या गच्चीवरची कबुतरं उडावीत. दिगंबर घाडीगावकर, वय वर्षं सदुसष्ट. शिवडीच्या गोदामात आधी हमाली आणि मग मुकादमकी करण्यात जन्म गेला, आता निवृत्त. त्यांना पाहताक्षणी साळवी सर माझ्या कानात पुटपुटले, घोड्याचं मी बघतो, तू आधी नाव लिहून घे. मी नाव लिहिलं आणि हुद्दा कोणता टाकू म्हणून विचारलं. दिगूकाका म्हणाले, "कुंभार."

आमचं पथक म्हणजे लालबाग-परळमधली साठेक हौशी माणसं. दर रविवारी सकाळी मैदानात सराव करतो आणि वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमाराला, शिवकाळातली छावणी उभारून लोकांना लढाई करून दाखवतो. साळवी सर शाळेत पीटी शिकवतात आणि पथकाचे ते सर्वेसर्वा. मी विम्याच्या हापिसातला कारकून. पथकात हजेरीपट सांभाळतो आणि तिसऱ्या रांगेत भाला धरून उभा राहतो. तिसऱ्या रांगेत अशासाठी, की पुढच्या दोन रांगांमागे पोट झाकलं जातं.

सरांचे नियम कडक. अंगरख्याला नाड्याच हव्यात, बटण दिसलं की घरी. घड्याळ बंद, प्लास्टिकची बाटली बंद, चष्मासुद्धा बंद. चष्मे काढल्यापासून आमच्या डाव्या बगलेचे दोघे अधूनमधून शत्रूच्या बाजूने लढतात, पण सरांना ते चालतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याला हत्यार चालवता येत नाही त्याला पथकात जागा नाही. आमच्याकडे मुली आहेत, पण त्यांनीही आधी लाठी फिरवून दाखवली तेव्हा कुठे त्यांची नावं लागली.

हा शेवटचा नियम काकांच्या डोक्यातच शिरत नव्हता. सरावाची लढाई संपून आम्ही विजयाच्या आरोळ्या ठोकू लागलो की मैदानाच्या कडेने त्यांचा आवाज यायचा, "ता सगळा बरोबर, पण रयत खंय गेली?" साठ माणसं लढतायत, त्यांच्या भाकऱ्या कोण थापतं, घोड्याला चारा कोण घालतं, असं त्यांचं सुरू व्हायचं. सर म्हणायचे, काका, लोक लढाई बघायला येतात, भाकऱ्या बघायला येत नाहीत. त्यावर काका शांतपणे विचारायचे, दाखवल्यात कधी?

शेवटी सरांनी त्यांना कडेला बसायची परवानगी दिली. चार रविवार जातील, हौस फिटेल आणि माणूस मुकाट घोड्यावर बसेल, असा त्यांचा हिशेब होता. पण काका दर रविवारी नवा धंदा घेऊन हजर. पहिल्यांदा कुठूनसं कुंभाराचं चाक पैदा केलं. दोन तास खपून जे मडकं निघालं ते आमच्या एका पोराने शिरस्त्राण म्हणून डोक्यावर घालून बघितलं आणि त्याला ते बसलंही. पुढच्या रविवारी पत्रावळी लावायला बसले. मग दोर वळायला, मग टोपली विणायला. ती टोपली बघून एका मावळ्याने विचारलं की काका, हे घरटं कुठल्या पक्ष्याचं.

गंमत अशी की हे सगळं ते बसून करायचे आणि फक्त डाव्या हाताने. एका हाताने पत्रावळीची पानं कशी टाचणार? पानं उडायची, हे दातांनी धरायचे, मिशांत काड्या अडकायच्या. मला वाटलं डावखुरे असतील. पण हजेरीपटावर सही करायचे ती उजव्या हाताने, आणि मोत्यासारखी. एकदा न राहवून विचारलंच. म्हणाले, उजव्याने चाळीस वर्षं गोणी उचलल्या, "तेका आता रजा." निवृत्तीनंतर काही माणसं जरा सैल होतात, त्यातलाच हा प्रकार, असं म्हणून मी सोडून दिलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला तशी सरांनी मला कामगिरीवर पाठवलं. पगडी आणि शेला घेऊन काकांच्या घरी जायचं आणि होकार घेऊनच यायचं. मी त्यांच्या चाळीचे दोन जिने चढून गेलो. काका केर काढत होते. खिडकीशी खुर्चीवर त्यांची बायको, शालनकाकी, बसल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता.

बोलता बोलता कळलं की तीन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगाचा झटका आला होता. पाय काठी घेऊन चालण्याइतका सुधारला, हात मात्र गेला तो गेलाच. ज्या बाईशिवाय त्या चाळीत गौरी जागत नसत, ती डॉक्टरकडे जाण्यापलीकडे जिना उतरायची बंद झाली. लोक हाताकडे बघतात म्हणे. गेल्या वर्षी कोणीतरी त्यांना आमच्या लढाईचा व्हिडिओ दाखवला. तो पूर्ण बघून त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं होतं, "त्या काळात काय सगळी माणसां धडधाकट होती?"

त्या प्रश्नाने काकांना सोडलं नाही. म्हणून ते आमच्याकडे आले होते. त्यांना स्वतःसाठी काहीच नको होतं. बसून आणि एका डाव्या हाताने करता येईल असं एखादं काम ते शोधत होते, आणि काकींना सांगण्याआधी प्रत्येक काम स्वतः करून बघत होते. कोपऱ्यात ते सगळे धंदे रचून ठेवलेले होते. काकी हसत म्हणाल्या, ह्यांनी माझ्यासाठी अख्खी बाजारपेठ फिरून बघितली, पण एका हाताचं काम काही मिळेना.

मी पगडीची पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली. मग प्यायला पाणी मागितलं. काका उठायला लागले तशी काकींनी त्यांना नजरेनेच बसवलं. काठी टेकत गेल्या, काठी भिंतीला लावून माठातून पेला भरला आणि तिथूनच माझ्यापुढे धरला.

"डाव्या हाताने देतंय हां बाबा, मनाला लावून घेऊ नकोस."

मी पाणी प्यालो. पेला खाली ठेवला तर काका त्या पेल्याकडे टक लावून बघत होते. "पाणपोई," ते म्हणाले. महिनाभर डोकं खाजवून न सुचलेलं ते आता सुचलं होतं, आणि त्या आनंदात त्यांनी केरसुणी माझ्या हातात दिली.

साळवी सर पटकन ऐकतील तर ते सर कसले. मी म्हटलं, काकींचं नाव लागणार नसेल तर माझंही खोडा. तुझं गेलं तरी चालेल, असं सर म्हणाले. काकांनी मात्र एकच प्रश्न विचारला. बाटल्या तुम्ही बंद केल्यात, मग चैत्राच्या उन्हात पोरांनी पाणी प्यायचं कुठे? हा मुद्दा सरांना पटला. म्हणाले, पाणपोई ठीक आहे, पण पाणी डाव्या हाताने? लोक व्हिडिओ काढतात, उद्या म्हणतील ह्यांना साध्या रीतीभाती ठाऊक नाहीत. बघू, म्हणाले आणि निघून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशीही सरांचं 'बघू' तसंच होतं, तरी काकी नऊवारी नेसून दोन जिने उतरल्या. मैदानाच्या कडेला झावळ्यांच्या सावलीत चार माठ मांडले होते. हातात लांब दांड्याचं ओगराळं घेऊन त्या चौरंगावर बसल्या. मागे काका, डोक्याला साधं मुंडासं, खांद्यावर घागर. लढाई नेहमीसारखी झाली, आम्ही जिंकलो. सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या होत्या. पण पाणपोईकडे कोणी हलेना. जो तो सरांच्या तोंडाकडे बघत होता. काकींनी ओगराळं खाली ठेवलं आणि मान वळवून काकांना म्हणाल्या, घराकडे चला. ही बाई आता जिना चढून वर गेली की पुन्हा खाली उतरणार नव्हती, हे मला कळत होतं.

तेवढ्यात सर रांगेतून बाहेर आले. समोर शे-दीडशे मोबाइल रोखलेले. त्यांनी शिरस्त्राण काढून काखेत धरलं, पाणपोईपुढे एक गुडघा टेकला आणि ओंजळ पुढे केली. काकींनी ओगराळं पुन्हा उचललं. पहिलं ओगराळं सरांच्या बाहीवर सांडलं. सरांनी ओंजळ हलवली नाही.

"सावकाश, काकी," ते म्हणाले. "घाई नाही."

दुसऱ्या खेपेला पाणी ओंजळीत पडलं. सर प्याले आणि अजून घाला म्हणाले. मग मागे रांग लागली, साठ माणसांची, आणि नंतर बघायला आलेल्यांचीही. काका घागरी आणून आणून माठ भरत होते. मी पथकात पाच वर्षं आहे, पण पथकाचा अभिमान म्हणजे काय ते मला त्या रांगेत उभं असताना समजलं.

संध्याकाळी मी त्यांना पोचवायला चाळीत गेलो. दोन जिने चढायला काकींना पाऊण तास लागला, पण तो पायामुळे नाही. प्रत्येक दारात बायका अडवत होत्या, नऊवारीला हात लावून बघत होत्या, आणि काकी प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. दोन पायऱ्या खाली काका रिकामी घागर खांद्यावर घेऊन उभे. ती खाली ठेवावी असं त्यांना सुचलंही नाही. एका म्हाताऱ्या शेजारणीने वाकून त्यांना विचारलं, आणि दिगू, तू कोण झाला होतास रे? एवढा उंच तू, सरदार असशील.

काका ताठ उभे राहिले. मिशीवर पालथी मूठ फिरवली.

"मी? मी हिचो पाणक्यो."