धुराच्या पेटीतला आवाज

इंजिनाच्या पत्र्यावर हातोडीने तीनदा ठोकावं आणि आतून तीन ठोके परत यावेत, असं त्र्यंबक घाटेच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

अठराशे त्र्याण्णव सालच्या मार्गशीर्षातली भर दुपार होती. कल्याणच्या खाडीकाठी मिठाच्या एका ओस वखारीत अण्णासाहेब भिड्यांचं चाकांवरचं वाफेचं इंजिन उभं होतं. त्याच्या जोरावर डायनामो फिरायचा आणि विजेचे दिवे लागायचे. चार दिवसांवर अण्णासाहेबांच्या मुलीचं, सुमेधाचं लग्न आलं होतं आणि मांडवात विजेचे दिवे लागणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. इंजिन बंद असलं तरी दर सोमवारी त्याची तपासणी करायची, हे त्र्यंबकचं काम. वंगण, पट्टा, पाण्याची काच सगळं तो बारकाईने पाही. धुराड्याखालची धुराची पेटी मात्र उघडत नसे. उघडली की काजळी अंगावर येई आणि घरी बायको सुमती सदरा धुवायला साफ नकार देई. गेले सहा सोमवार त्याने ती न उघडताच वहीत ‘पाहिली’ असं लिहिलं होतं.

आठ दिवस भट्टीत विस्तव नव्हता. पत्रा हाताला गार लागत होता. त्र्यंबकने पुन्हा दोनदा ठोकलं. आतून दोन ठोके आले, जरा घाईने. मग धुराड्याच्या तोंडातून एक लांब, घोगरा हुंकार निघाला. आढ्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. कुणाची झोप मोडू नये अशा बेताने त्र्यंबकने हातोडी खाली ठेवली आणि तो पाठ न वळवता बाहेर आला.

रखवालदार विठ्ठलने ऐकलं आणि त्याला दोन वर्षांपूर्वी खाडीत बुडालेला खलाशी आठवला. अर्ध्या तासात ही गोष्ट बंदरावर पोचली आणि तीसएक माणसं वखारीत जमली. कोपरहून मासळी घेऊन आलेला, भुतंखेतं उतरवणारा धाकू भगतही त्यांत होता. तो इंजिनासमोर मांडी घालून बसला.

“भूक लागलीय?”

एक ठोका आला.

“पानी पायजे?”

ठोक्यांचा नुसता पाऊस पडला.

“हितून जाशील का?”

यावर आतून असा दणका बसला, की सगळं लोखंड थरथरलं आणि माणसं चार पावलं मागे सरली. धाकूने निकाल दिला. भट्टी पेटवा, जे आहे ते धुराबरोबर निघून जाईल. विठ्ठलने लाकडं आणली. त्र्यंबकला आपल्या शिक्षणाची लाज वाटत होती, पण त्याने काडी ओढली.

धुराड्यातून कसाबसा फाटका आवाज आला, “त्र्यंबक... पेटवू नकोस.”

जमलेली माणसं आता त्र्यंबकपासूनही दूर झाली.

“तू ही पेटी उघडत नाहीस. ठाऊक आहे मला.”

त्र्यंबकच्या हातातली काडी विझली. हे त्याने सुमतीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पाय ओढत तो पेटीपाशी गेला आणि त्याने खिटी वर केली.

काजळीचा लोट आला आणि त्यामागून गुडघ्यांवर रांगत एक काळीकुट्ट आकृती. डोळे तेवढे पांढरे. तीसही माणसांनी जमिनीला कपाळ टेकून डोळे मिटले, त्यात धाकू सर्वांत पुढे. त्र्यंबकला मात्र आकृतीच्या कानात ओळखीची भिकबाळी दिसली.

“पाणी दे,” अण्णासाहेब पुटपुटले.

इंजिनाच्या आडोशाला तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी सगळं सांगितलं. वहीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्र्यंबक पेटी उघडतो का, हे पाहायला ते आत दडून बसले होते. दार लोटून घेतलं आणि बाहेरची खिटी आपोआप पडली. काजळीने घसा असा बसला, की ओरडायला गेले तर हुंकारच निघाला.

त्र्यंबकने मान खाली घालून विचारलं, “आत आपण होतात, असं सांगू ना सगळ्यांना?”

अण्णासाहेबांनी वाकून पालथ्या पडलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यांना व्याही आठवले असावेत.

“नको.”

“मग वहीत काय लिहू?”

“‘पाहिली’ असंच लिही,” असं म्हणून ते मागच्या दाराने खाडीत उतरले.

लग्नाला दिवे लागले, पण त्याआधी धाकू मांडवात आला. इंजिनातलं जे होतं ते खाडीकडे गेलं खरं, पण मालकाने मान दिला नाही तर परत येईल, असं त्याने सगळ्यांदेखत बजावलं. व्याही घाबरून उठून उभे राहिले. शेवटी नवी पगडी घातलेल्या अण्णासाहेबांनी मांडवाशेजारी ओढून आणलेल्या इंजिनापुढे नारळ फोडला आणि हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, परत कधी इथे येऊ नकोस म्हणून विनवलं. ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.