सरदार वेतुरियुस यांनी राजास ताट खाऊ घातले त्याची हकीकत

श्रीचूल प्रसन्न. अग्नीस, गव्हास आणि जैतुनाचे तेलास नमन करोन लिहिले जाते ऐसे जे, नगरस्थापनेपासोन सातशे अठ्ठाविसावे वर्षी, द्राक्षतोडणीचे मासी, सात टेकड्यांचे राज्यात वेतुरियुस नामे सरदार बहुत नामांकित होते. लढाया मारिल्या होत्या, परंतु नाव जाहले ते पंगतीमुळे. त्या राज्यी थोरामोठ्यांनी पलंगावर डाव्या कोपराचे आधारे आडवे होऊन जेवावे ऐसी चाल होती, आणि जो पदार्थ कोणी खाल्ला नाही तो वाढावा, हीच प्रतिष्ठा. मग सरदारांनी रोहित पक्ष्यांच्या जिभा वाढाव्या, मधात घोळलेले गुबगुबीत रानउंदीर वाढावे, आणि सर्वांवर गारूम म्हणोन मासळीचा उन्हात आंबवलेला रस सढळ हाते ओतावा. पाहुण्यांनी नाकास रुमाल लावून वाहवा करावी. सरदारांस स्वतःस हे जेवण फारसे रुचत नसे, परंतु ते त्यांनी कोणास कळू दिले नाही. त्यांचे कुटुंब सेक्स्तिलियाबाई मात्र मळ्यातील वाड्यात माजघरी बसोन, तापल्या दगडावर भाजलेली रुंद भाकरी, तीवर मेंढीचे दुधाचे पनीर, लसूण आणि डोंगरचा पाला घालोन जेवीत. सरदार म्हणत, "सरदाराचे बायकोने भाकरीवर जेवावे, लोक पाहतील तर काय म्हणतील?" बाई म्हणत, "लोक गारुमाचे वासाने इकडे फिरकत नाहीत, आपण निश्चिंत असावे."

ऐसे असता दक्षिणेकडील समुद्रकाठचे सुभ्याची सुभेदारी रिकामी जाहली. उमेदवार दोन, एक वेतुरियुस आणि दुसरे ओपियुस सरदार, ज्यांची जीभ तलवारीहून धारदार. महाराजांनी निरोप पाठविला की शिकारीहून परतताना वेतुरियुस यांचे मळ्यावर जेवू, ओपियुसही संगे असतील, मग काय तो निकाल करू. सरदारांनी नगरातून चांदीची ताटे, आचारी आणि जिभांच्या बरण्या गाड्यांत भरोन मागविल्या, आणि त्याच सकाळी नदीस पूर येऊन पूल वाहून गेला. गाड्या पैलतीरी राहिल्या, महाराज ऐलतीरी दाखल जाहले. सरदार धावत माजघरी येऊन म्हणाले, "बाई, अब्रू गेली." बाई म्हणाल्या, "कणीक भिजली आहे, दगड तापले आहेत. आपण महाराजांस लढायांच्या गोष्टी सांगाव्या, त्या लांबतात."

मग महाराजांपुढे वाफाळती भाकरी आली, वर पनीर मऊ पडलेले, आणि खाली काही नाही. महाराज म्हणाले, "ताट कोठे?" सरदार बोलोन गेले, "महाराज, हेच ताट." महाराजांनी मधले पनीर खाल्ले, मग काठ मोडिला, मग तोही खाल्ला. ओपियुस म्हणाले, "आज ताट खाल्ले, उद्या यजमान पलंग वाढतील." महाराज हसले नाहीत, कारण तोंडात घास होता. तो गिळोन म्हणाले, "गादीवर बसल्यापासोन जेथे जावे तेथे जिभा. भूक लागली काय, हे कोणी पुसिले नाही. आज पोट भरले. ही युक्ती कोणाची?" सरदारांनी दाराशी उभ्या बाईंकडे पाहिले, मग ओपियुसांकडे पाहिले, आणि म्हणाले, "आपल्या या सेवकाची." बाईंनी हातास लागलेले पीठ झाडिले. महाराज संतुष्ट होऊन म्हणाले, "तर आणखी एक करा. आम्ही पाहतो."

सरदार चुलीपाशी गेले. पाणी जास्त पडले, कणीक कोपरापर्यंत चढली, आणि ती सोडवावी तो दाढीस लागली. हळूच म्हणाले, "बाई, हात द्या." बाई तितक्याच हळू म्हणाल्या, "युक्ती आपली. आम्ही मध्ये कोण बोलणार?" मग भाकरी दगडावर पडली ती दुमडोन पडली, एकीकडे करपली आणि एकीकडे कच्ची राहिली. जो पुरुष रणात कधी मागे फिरला नाही तो तेथे मागे फिरला आणि मान खाली घालोन म्हणाला, "महाराज, खोटे बोललो. हे जेवण आमचे कुटुंबाचे. आम्ही लोकलाजेस्तव त्यांस इतकी वर्षे माजघरी लपवोन जेवावयास लाविले." ओपियुस मोठ्याने हसले. महाराजांनी सरदारांचे दाढीतील कणीक बराच वेळ पाहिली आणि बोलले, "सुभ्यात गहू आहे, मेंढ्या आहेत. सुभेदारी तुम्हांस देऊ, परंतु बाई संगे जात असतील तर. त्यांस पुसा." सरदारांनी सर्वांदेखत पुसिले. बाईंनी पुढली भाकरी उलटली, खाली उतरविली, मग म्हणाल्या, "येऊ. परंतु तो मासळीचा रस गाडीत चढणार नाही." सरदारांनी डोळे मिटोन मान डोलविली, आणि मनात हलके वाटले ते मनातच ठेविले.

त्याउपरी उभयतां सुभ्यास गेली. तेथे बाई राजरोस ओसरीवर बसोन जेवू लागल्या, सरदारही शेजारी बसोन बोटे भाजून घेत जेवू लागले, आणि पाहोन पाहोन सगळा सुभा तैसा जेवू लागला. पुढे कैक पिढ्यांनी समुद्रापलीकडून तांबडे फळ आले, ते भाकरीवर चढले आणि लोक तीस पिझ्झा म्हणू लागले, ऐसे सांगणारे सांगतात. खरेखोटे खाणारा जाणे. सारांश इतकाच की, सुभेदारी सरदारांनी चांगली केली, भाकरी मात्र अखेरपर्यंत साधली नाही. हट्टाने रोज एक करीत, ती एका अंगास करपे, आणि बाई ते अंग आपल्याकडे घेत. इति.