विषय : कु. पद्मजा हिच्या हट्टाबाबत

मूल शाळेत आनंदाने येते, हे शिक्षणखात्याने पूर्वीच ठरवून दिलेले असल्यामुळे त्याबद्दल मुलाला विचारण्याची गरज उरत नाही. ते रडत आले तरी तो आनंदच समजावा. फक्त त्याला अजून शिस्त लागलेली नसते.

चिंतामणी मास्तरांची यावर पूर्ण श्रद्धा होती. कल्याण कँपाला उल्हासनगर म्हणायची सवय लोक अजून लावून घेत होते, त्या सुमारास मास्तर तिथल्या एका मराठी शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा म्हणजे लष्कराने मागे टाकलेली लांबलचक बराक. वर पत्रे, खाली चार इयत्ता, आणि इयत्तांच्या मधे गोणपाटाचे पडदे. पडद्यातून नजर जात नसे, बाकी सगळे जात असे. पहिलीची बाराखडी, दुसरीचे पाढे, तिसरीची कविता आणि चौथीला बसणारा मार, हे सगळे एकाच वेळी पत्र्यावर आपटून खाली येई. शेजारच्या बराकीत पापड लाटणाऱ्या सिंधी बायका शाळा भरली की आपली खिडकी लावून घेत.

"आवाज नसेल, तर शिक्षण चालू आहे हे ओळखायचं कसं?" मास्तर म्हणत.

अशा या शाळेत जून महिन्यात पद्मजा दाखल झाली. वय साडेसहा. वडील जयदेव अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून, आई सुहासिनी घरीच. पद्मजेला घर ते शाळा वाटेवरच्या सगळ्या बराकींचे नंबर पाठ होते, आणि कोणत्या नंबराचा रंग किती उडाला आहे तेही. (हे अभ्यासक्रमात नसल्यामुळे ज्ञानात धरले गेले नाही.) रोजची वाट बदलली की ती जागीच उभी राही. कोणाच्या डोळ्यांत बघत नसे. आणि हिरामण शिपायाने टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा दिली, की दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून, डोळे मिटून, पुढेमागे झुलत राही.

या गोष्टीला तेव्हा आपल्याकडे कोणी नाव दिलेले नव्हते. नाव नसलेल्या गोष्टीला हट्ट म्हणण्याची सोय मात्र होती. मास्तरांनी ती वापरली आणि परिपत्रक काढले. शाळेत मास्तर धरून चारच शिक्षक असल्याने ते त्यांनी स्वतःच तिघांना वाचून दाखवले, आणि स्वतःला वाचून दाखवल्याची सही केली.

पहिला उपाय असा, की घंटेची भीती जाण्यासाठी मुलीला घंटेच्या अगदी जवळ बसवावे. दुसरा, जागेचा मोह सुटण्यासाठी तिची जागा रोज बदलावी. तिसरा, तिने रोज वर्गापुढे उभे राहून, मास्तरांच्या डोळ्यांत बघून, स्वतःचे पूर्ण नाव सांगावे. चौथा, कानांवरचे हात काढून धरण्यासाठी दोन सशक्त मुली नेमाव्यात. नेमलेल्या मुलींनी हे काम मनापासून केले. तेवढा वेळ त्यांना पाढे म्हणावे लागत नसत.

उपायांचा परिणाम ताबडतोब दिसू लागला. पहिल्या तेवीस दिवसांपैकी एकोणीस दिवस पद्मजेला सकाळी उलटी झाली. उरलेले चार रविवार होते. रविवारी मुलीची प्रकृती ठणठणीत असते, यावरून तिचे घरी फाजील लाड होत असल्याचे मास्तरांच्या ध्यानात आले.

चोविसाव्या दिवशी सुहासिनी शाळेत आली. पदर सावरत दाराशीच उभी राहिली.

"गुरुजी, घरी ती बोलायची. नंबर सांगायची, पाणी मागायची. आता तेही बंद झालंय. काल तहान लागली, तर नुसती माठापाशी उभी राहिली."

"म्हणजे बडबड कमी झाली," मास्तर समजुतीच्या स्वरात म्हणाले. "गुण येतोय."

"गुरुजी, ती माझ्याशी बोलत नाही."

मास्तरांनी यावर थोडा विचार केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण या प्रसंगासाठी त्यांच्याजवळ परिपत्रक नव्हते. "सगळी मुलं शिकतात, बाई. तीही शिकेल," एवढेच ते म्हणाले, आणि सुहासिनी परत गेली. जाताना तिने मुलीची रोजची वाट सोडली नाही. एकटी असूनही.

हे सगळे पहिलीच्या सगुणाबाई बघत होत्या. सगुणाबाई जवळच्याच जांभूळ गावच्या. घरची शेती, आणि गावातून शिकून मास्तरीण झालेल्या त्या पहिल्याच. शाळेत त्या पुस्तकी बोलत, पण राग आला की गाव बाहेर येई.

"मास्तर, हट्ट नाय तो. पोर भ्यालीय."

"कशाला?"

"आपल्याला."

मास्तरांनी हे विनोद म्हणून सोडून दिले. सगुणाबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून नियमबाह्य वर्तन सुरू केले. पहिलीच्या मागच्या भिंतीशी, खोक्यांच्या आडोशाला त्यांनी आणखी एक गोणपाट दुहेरी करून टांगले आणि पद्मजेला त्यामागे तिची ठरलेली जागा दिली. घंटेच्या आधी त्या आत डोकावून हळूच सांगत, "आता घंटा होणार." मग पद्मजा आपले कान आपणच झाकून घेई, आणि घंटा झाली की हात काढी. झुलणे कमी झाले. उलट्या आठवड्यात दोनवर आल्या. एके दिवशी तिने पाटीवर 'क' काढला, आणि त्याच्या खाली न विचारता बराकींचे सात नंबर लिहिले.

मास्तरांना हे कळले तेव्हा त्यांनी खुलासा मागवला. पडद्यामागे विद्यार्थी ठेवण्याची तरतूद कोठे आहे? सगुणाबाईंनी गोणपाटाची गाठ आणखी आवळली. पुढची कारवाई व्हायच्या आतच शिक्षणखात्याच्या दिपोटीसाहेबांच्या तपासणीची तारीख आली.

हे साहेब बोलताना टेबलावर छडी आपटत, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहत. तपासणीच्या सकाळी मास्तरांना घरी दोनदा उलटी झाली. शाळेत आल्यावर त्यांनी टेबलावरचे अकरा खडू एका रांगेत लावले, मोडले, पुन्हा लावले. तिसरीच्या वर्गात साहेबांची छडी पहिल्यांदा वाजली, तसे त्यांचे हात कापू लागले. हिरामणने विचारले, "मास्तर, पाणी देऊ?" मास्तरांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

सर्वांना फार वाईट वाटले. तपासणी म्हटली की असे व्हायचेच, असे दोन शिक्षक म्हणाले. कोणी लिंबू आणले, कोणी वारा घातला. हट्ट हा शब्द कोणी उच्चारला नाही. हात धरून ठेवण्यासाठी दोन सशक्त मुलीही कोणी बोलावल्या नाहीत.

सगुणाबाईंनी त्यांना दंडाला धरून मागच्या भिंतीशी नेले आणि दुहेरी गोणपाटामागे बसवले. "साहेब आता तिसरीत आहेत. मग दुसरी, मग पहिली. मग तुमच्याकडे. मी आधी येऊन सांगेन."

आत पद्मजा होती. ती थोडी सरकली. मास्तर भिंतीला टेकले. त्यांच्या लक्षात आले, की इथे पत्र्याचा आवाज कमी येतो. नऊ वर्षे ते या बराकींच्या गावात होते, पण असे शांत ठिकाण त्यांना माहीत नव्हते. दोघेही एकमेकांकडे न बघता पाटीकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने पद्मजा पाटीला उद्देशून म्हणाली,

"आता घंटा होणार."

मास्तरांनी कान झाकून घेतले.

तपासणी ठीक पार पडली. मास्तरांनी साहेबांच्या कपाळाकडे बघत सगळी उत्तरे दिली. सुट्टीनंतर सुहासिनी न्यायला आली, तेव्हा ते दाराशी गेले आणि खूप वेळ चष्मा पुसत राहिले. "आज बोलली ती," ते म्हणाले. "माझ्याशी." सुहासिनीने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांना यावरही काय करावे ते सुचले नाही, पण या वेळी त्यांनी परिपत्रक शोधले नाही.

ते दुसऱ्या दिवशी काढले. सदर कोपऱ्यात मुख्याध्यापक व अन्य एक विद्यार्थिनी यांना गरजेनुसार बसण्याची परवानगी देण्यात आली. चारही उपाय रद्द झाले. मात्र बातमी फुटली, आणि पंधरा दिवसांत कोपऱ्यासाठी त्रेपन्न तोंडी अर्ज आले. विद्यार्थी एकोणपन्नास, शिक्षक दोन, हिरामण, आणि एक पालक, जे अजूनही आपल्या जुन्या शाळेपुढून जायचे टाळत. मास्तर घाबरले. हा त्रास सर्वांनाच होत असल्याचे आढळल्याने तो कोणालाच होत नाही असे समजण्यात यावे, असे शेवटचे परिपत्रक काढून त्यांनी कोपरा रद्द केला. गोणपाट खाली उतरवण्याची जबाबदारी त्यात कोणावर टाकायची राहून गेली. (सगुणाबाईंच्या मते ती राहून गेली नव्हती.) कागदोपत्री नसलेल्या त्या जागेत बसून पद्मजा चौथी पास झाली.

हे वाचून पुष्कळजण म्हणतील, आम्हीही अशाच शाळेत शिकलो, आमचे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. तो त्यांनी एकदा घरातल्या लहान मुलासमोर उभे राहून, त्याच्या डोळ्यांत बघून, स्वतःच्या पूर्ण नावासह मोठ्याने विचारावा. आवाज न फुटल्यास हट्ट समजण्यात येईल.