मी म्हणजे कोण?

आमच्या शेजारचा सुधाकर सख्ख्या बहिणीलाही दारात उभी करतो. ती बिचारी सावर्ड्याहून एस्टीने येते, हातात फणसाची पिशवी, आणि हा आतून ओरडतो, "कोण?"

"मी रे."

"मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात."

ती नाव सांगते. मग हा विचारतो, काम काय? ती म्हणते, तुझं डोकं फोडायचं आहे. तेव्हा कुठे कडी निघते. वर म्हणतो, "ओळख पटली. पण ओळख वेगळी, परवानगी वेगळी. तुला माजघरापर्यंत."

त्याच्या घरात सगळ्यांच्या हद्दी ठरलेल्या. दूधवाला पायरीपर्यंत, पोस्टमन पडवीपर्यंत, मी ओटीपर्यंत. चुलीपर्यंत फक्त मांजर. तिला कोणी दिली परवानगी, विचारलं तर म्हणतो, "ती माझ्या आधीपासून आहे."

पन्नाशीचा आहे. लग्न नाय. मुंबईच्या हापिसात होता, आता इथे मांडवीला बसून तेच काम करतो. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला काय कळणार, पण त्याने सांगितलं ते असं. मोठ्या हापिसात हजारो माणसं, कोणाला कुठली खोली उघडी आणि कुठली बंद, ते हा ठरवतो. सगळं लिहून. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. बाकीचे लोक चित्रावर टिचक्या मारतात, हा नाय. "चित्रावर बोट ठेवायला मी काय बालवाडीत आहे, काकी?" एक ओळ लिहिली की नवा माणूस आत आला. दुसरी लिहिली की बंद. कोणी नोकरी सोडली तरी पुसून नाय टाकत, नुसता बंद करून ठेवतो. म्हणतो, माणूस परत येऊ शकतो.

"पण ही माणसं ठेवलीस कुठे?" मी विचारलं.

"ढगात."

"आमच्या वाडीतले बरेच गेलेत तिकडे. दिसले तर सांग मला."

यावर तो इतका हसला की खुर्चीवरून पडता पडता राहिला.

एकदा मात्र त्याची जिरली. कुठल्याशा गटाची परवानगी काढायची होती. भराभर ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि त्या गटात हा स्वतःच होता! स्वतःच्या हाताने स्वतःला बाहेर काढलं. मग मुंबईला फोन. तिकडे कोणी नवी पोरगी.

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण, सर?"

मी ओटीवर सुकट निवडत होते. सगळं ऐकलं. ती म्हणाली, सर, ओळख पटली, पण परवानगी द्यायला मोठे साहेब लागतील, ते जेवायला गेलेत. दुपारभर हा शर्ट बाहेर काढून अंगणात फेऱ्या मारत होता. मी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत पोचवलं. पोरं अजून त्याला रस्त्यात अडवून विचारतात, "कोण तुम्ही?"

तर आमच्या मासेवाल्या बायकांच्या सोसायटीने नवी शेड बांधली. प्रत्येकीची जागा कॉम्प्युटरवर, आणि नावं आत घ्यायचं काम सुधाकरकडे, फुकटात. शनिवारपर्यंत नाव आत गेलं नाय तर सोमवारी ती जागा दुसरीला. माझी जागा कोपऱ्यावरची, नळाजवळची. अडतीस वर्षं बसते मी त्या कोपऱ्यावर. तेव्हा वर पत्रा नव्हता, खाली फरशी नव्हती. आमचे हे होडीसकट गेले तेव्हा मी तिशीची. तीन पोरं. चौदाव्या दिवशी पाटी डोक्यावर घेतली. रडायला बसले असते तर मासा थोडाच थांबणार होता.

शनिवारी सकाळी गेले. काळा पडदा समोर होता.

"पूर्ण नाव सांगा, काकी."

"पार्वती."

"पूर्ण. मधलं पण."

मधलं म्हणजे यांचं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. मी कागद पुढे केला. "यात आहे. वाच."

"कागद कोणीही आणील. तोंडाने सांगा."

"मेल्या, तुला माहीत नाय? याच ओटीवर शेंबूड पुसलाय मी तुझा!"

"ओळख वेगळी..."

"गप!"

जागा जाते की काय, म्हणून मी कागद परत त्याच्यापुढे सरकवला. मग तोच हळूच म्हणाला, "उखाण्यात घ्या."

विधवेला उखाणा कोण विचारतो? हळदीकुंकवालाच बोलवत नायत, तर उखाणा कुठला. अडतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. जुना एकही आठवेना. मग तोंडाला आला तो घेतला:

"पाटीत बांगडे, वर केळीचं पान,
रघुनाथाचं नाव घेते, मेल्या, उघड आता कान!"

त्याने एक ओळ लिहिली. बटण दाबलं. "झालं. कोपरा तुमचाच."

माझा जीव भांड्यात पडला. मग संशय आला. "काय रे, बाकीच्या बायांना पण उखाणा घ्यायला लावलास?"

तो पडद्याकडेच बघत होता. "नाय. त्यांचा नुसता फोन नंबर घेतला."

"मग यंत्राला नाव लागतच नाय?"

"यंत्राला नाय लागत."

मी ओरडणार होते. पण त्याची मान वर होईना.

"वाडीत काकांचं नाव कोणी घेतच नाय, काकी," तो म्हणाला. "तुमच्यासमोर नको म्हणून गप्प बसतात. मग मी कोणाशी बोलू?"

मला कधी सुचलंच नव्हतं. याचा बाप मुंबईला गेला तो गेलाच. हा बारा वर्षांचा होईपर्यंत आमच्या होडीवरच असायचा, यांच्या पायात पायात. यांनी त्याला जाळं विणायला शिकवलं, पोहायला शिकवलं. हे गेले तेव्हा सगळे माझ्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायला आले. या पोराकडे कोणी बघितलं नाय. मी पण नाय.

"होडी लावताना शीळ घालायचे ना ते?" त्याने विचारलं. "कशी होती?"

बाईमाणसाने शीळ घालायची नसते. तरी मी ओठ जुळवले. पुढचे दात नायत माझे. नुसता वारा आला, फुस्स. तो हसला, मी पण हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

मग त्यानेच घातली. जशीच्या तशी, शेवटी वर जाणारी. विसरला नव्हताच तो.

मी म्हटलं, "परत घाल."