पाचर मारलेली गाडी

"खरं वाटणार नाही तुम्हाला. कुणालाच वाटत नाही. पण अख्खी मोटार मी पाठीवर उचललीय. या पाठीवर."

बसस्टॉपच्या बाकावर तात्यांनी स्वतःचा खांदा थोपटला. शेजारी बसलेल्या शिंप्याने पाठ शोधली. ती सदऱ्यात नेमकी कुठे होती, ते मापाशिवाय सांगणं कठीण होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तात्यांच्या पत्नी, काकू, मांडीवर पिशवी घेऊन रस्त्याकडे बघत होत्या.

हकीकत अशी. तात्यांच्या गाडीचे पुढचे शॉकअप गेलेले. प्रत्येक खड्ड्यावर ती अशी कण्हायची की तात्या आले हे गल्लीला आधीच कळे. एकदा काकूंचे धाकटे बंधू तिच्यातून बाजारात जाऊन आले आणि कंबर धरून म्हणाले, "तात्या, हिला आता मोकळी करा. रविवारी भंगारवाल्याला घेऊन येतो."

"ये की," तात्या म्हणाले. "शॉकअप मी स्वतः बदलणार आणि गाडी तुझ्या दारात आणून उभी करणार. नाही जमलं तर किल्ली तुझी."

शनिवारी गाडी अंगणात सपाट फरशीवर आली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक फिरवून पुढची बाजू उचलली, चाकं काढली. तात्या खाली शिरणार तोच पायरीवरून काकू म्हणाल्या, "जॅक उचलायला असतो. धरून ठेवायला नाही. तुमच्याच गाडीदुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलंय."

पुस्तक तात्यांचंच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्यांनी दोन लोखंडी घोड्या खाली सरकवल्या आणि गाडी त्यांच्यावर टेकवली. काकूंनी पदर खोचून धक्का मारला. गाडी हलली नाही.

"झालं समाधान?"

"आणि घोडी घसरली तर?"

मग काढलेली चाकं आडवी खाली गेली. जॅकही जोडीला तिथेच राहिला. खिडकीतून तात्यांची आई म्हणाली, "माझी ट्रंक घाल रे. तुझे वडील तिच्यावर उभे राहून भाषण करायचे. वाकली नाही कधी."

ट्रंकही गेली. एवढ्यात शेजारचा सुतार कुंपणावरून डोकावला. "तात्या, सगळं सैल आहे हे. मी आहे ना." त्याने ठोकळे रचले, फटीफटीत पाचरा ठोकल्या, आणि हातासरशी जॅकलाही चारी बाजूंनी असा आवळला की त्याचा दांडाही फिरेना.

आता भूकंप आला असता तरी घर पडलं असतं, गाडी नाही. फक्त तिच्याखाली तात्यांना शिरायला जागा उरली नव्हती.

"हात तरी जातो का बघा," काकू म्हणाल्या.

हात गेला, कोपरापर्यंत. बाहेर काढायला साबण लागला.

रविवारी मेहुणे भंगारवाल्याला घेऊन हजर. भंगारवाला गाडीभोवती फिरला, वाकला, ट्रंकेवर टिचकी मारून सरळ झाला. "यातली पहिली पाचर कोण काढणार?"

सुतार म्हणाला, "मी मारून देतो. काढत नाही."

"मग मीही नेत नाही."

तात्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी किल्ली मेहुण्यांच्या नाकासमोर नाचवली. "घे. शब्द म्हणजे शब्द. ने गाडी."

मेहुण्यांनी बंपर धरून सगळा जोर लावला. बंपर आला.

"तर असे सगळे हात हलवत गेले," बाकावर तात्या शिंप्याला सांगत होते. "म्हणजे एकाच्या हातात बंपर होता. मग मी वाकलो, पाठ लावली, आणि एका दमात गाडी वर. डाव्या हाताने पाचरा उपटल्या, उजव्याने शॉकअप बसवले. आता चालते कशी, पाण्यावरून होडी."

"एकट्याने?" शिंप्याने विचारलं.

"एकट्याने. जॅकबिक बायकापोरांना."

वळणावर बस दिसली. काकूंनी पिशवी खांद्याला लावली.

"उठा," त्या म्हणाल्या. "आणि गाडी पाठीवर उचलता येत असेल, तर माझ्या भावाकडे दुसरा जॅक मागायला आपण बसने कशाला चाललोय, तेही सांगा यांना."