अण्णांचा मराठीचा पेपर

आमच्या शेजारच्या अण्णांच्या घरात भूक लागली तरी अर्ज करावा लागे. तोंडी चाले, पण बाकायदा, रीतसर हवा. "आई, वाढ गं," असं कुमुद म्हणाली की ओसरीवरून आवाज यायचा, "असं नाही. दरख्वास्त पेश करा." मग ती हात जोडून म्हणायची, "अर्जदार कुमुद, भूक लागल्यामुळं जेवण मिळावं ही विनंती." अण्णा डोळे मिटून जरा वेळ विचार करायचे आणि म्हणायचे, "मंजूर."

अण्णा म्हणजे निजामाच्या अमलातले कारकून. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीवरचा झेंडा बदलला, पण घरातला अंमल जुनाच राहिला. शहागंजच्या मंडईत भाजीवालीनं भाव सांगितला की "गौर करतो" म्हणून पुढं जायचे. चार ठिकाणी फिरून तिच्याकडंच परत यायचे आणि "मंजूर" म्हणायचे. तोवर भेंडी संपलेली असायची. ते पिशवीत दुधी घेऊन घरी यायचे आणि दुधीच आणायला गेलो होतो असं सांगायचे.

त्यांचे निकाल तीनच. मंजूर, नामंजूर आणि जेरे-गौर. जेरे-गौर म्हणजे विचार चालू आहे. हा विचार वर्षानुवर्षं चालायचा. गोदाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, नवा पाटा-वरवंटा चार वर्षं जेरे-गौर होता. आणि आता कुमुदचं हायस्कूलही तिथंच जाऊन बसलं होतं.

कुमुद आणि मी, आम्ही दोघी एकदमच सातवी पास झालो होतो. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे मला कबूल करायला आज काही वाटत नाही, तेव्हा वाटायचं. माझं नाव आठवीत घातलं गेलं. कुमुदसाठी मात्र पाचोडकडचं एक स्थळ आलं होतं. "पोरीला लई शिकवून काय कचेरीत पेशकार करायचंय?" असं अण्णा म्हणायचे. कुमुद माझी नवी पुस्तकं हातात घ्यायची, पण पहिलं पानसुद्धा उघडायची नाही. तशीच परत द्यायची.

आणि त्याच उन्हाळ्यात कचेरीत फर्मान आलं. इथून पुढं कारभार मराठीत. सगळ्यांनी मराठीची लेखी परीक्षा द्यायची, नापास होईल त्याला खालच्या जागेवर धाडणार.

अण्णा त्या दिवशी न जेवता झोपले. त्यांचं उर्दू अक्षर असं की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायचे. पण मराठी फक्त तोंडात, हातात नाही. दुकानावरची पाटी वाचायची तर ते आधी दुकानात काय विकायला ठेवलंय ते बघायचे. उलट गोदाकाकूंनी शाळेची पायरी पाहिली नव्हती, पण पैठणच्या पुराणिकांची लेक, त्यामुळं रोज दुपारी आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायच्या. त्या काळी आमच्याकडं अशी बरीच घरं होती. नोकरीसाठी पुरुष उर्दू शिकले आणि मराठी अक्षरं बायकांकडं राहिली.

दुसऱ्या दिवशी अण्णा खांबाकडं बघत म्हणाले, "मराठी शिकवणारं कुणी असेल तर बघावं लागंल."

काकू अण्णांशी थेट बोलत नसत. सगळं कुमुदमार्फत. त्या चुलीपासून म्हणाल्या, "कुमुद, सांग त्यांना, मी शिकवीन. पण एक दरख्वास्त कधीची पडून आहे म्हणावं."

अण्णांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मंजूर. पण मी पास झालो तर."

म्हणजे कुमुदची आठवी आता अण्णांच्या पेपरवर अवलंबून होती. दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरला. विद्यार्थी तीन: अण्णा, कुमुद आणि मी. नवऱ्याला एकट्याला शिकवणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही दोघी. अण्णांनी पाटी घेतली आणि सवयीनं उजव्या कडेपासून सुरुवात केली. दुसऱ्याच अक्षराला पाटी संपली. काकू माझ्यावर ओरडल्या, "डावीकडून लिहायचं असतं, एवढंही कळत नाही?" मी डावीकडूनच लिहीत होते. पण नवऱ्याची चूक काढायची कशी? म्हणून अण्णांच्या सगळ्या चुकांची बोलणी आम्ही दोघींनी खाल्ली. दोन महिने. अण्णा मात्र मान हलवायचे, "ऐका, ऐका. नीट ऐकत जा." पुढं पुढं ते माझ्या पाटीत डोकावून उतरवू लागले. एकदा मी मुद्दाम चुकीचं लिहिलं, त्यांनीही तेच लिहिलं, आणि बोलणी पुन्हा मलाच बसली.

पण माणूस जिद्दीचा. परीक्षेच्या आठवड्यात काकू शुद्धलेखन घालायच्या आणि अण्णांची एखादीच चूक निघायची. काकूंनी कुमुदचं परकर-पोलकं धुऊन, घडी करून ठेवलं. मीसुद्धा बाकावर माझ्या शेजारची जागा धरून ठेवली होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी नाव घालायला शनिवारपर्यंतची मुदत दिली होती.

शुक्रवारी निकाल लागला. अण्णा नापास.

कुमुद पाटावर बसून रडायला लागली. मलाही रडू आलं, आणि अण्णांचा असा राग आला की काय सांगू. काकू बाहेर आल्या आणि माझ्या देखत, पहिल्यांदाच, सरळ नवऱ्याला म्हणाल्या, "सगळं येत होतं तुम्हाला. मग झालं काय?"

अण्णा शेरवानीची बटणं काढता काढता थांबले. "पहिला सवाल होता, गावी असलेल्या आईला पत्र लिहा. म्हटलं, हा उरकून पुढं जाऊ."

"मग?"

"सात वर्षांचा होतो. वडलांनी पाचोडहून उचलून इथं आणून ठेवलं, उर्दू शिकायला. चिठ्ठी उर्दूतच लिहायची, असा त्यांचा हुकूम. पोरगा शिकतोय हे गावाला कळायला पाहिजे ना. आई तुझ्यासारखीच पोथी वाचायची, पण माझी चिठ्ठी तिला वाचता यायची नाही. गावच्या चौकीतला जमादार वाचून दाखवायचा, चार माणसांत. जमादारासमोर काय लिहिणार? खैरियत आहे, एवढंच लिहायचो. दोन वर्षांत ती गेली."

काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

"काल-परवापर्यंत मला तिचं अक्षर येत नव्हतं. आता येतंय, आणि समोर कोरा कागद. लिहीतच बसलो. पुरवणी मागून घेतली. बाकीचे सवाल उघडलेच नाहीत."

"एवढं काय लिहिलंत?" काकूंनी हळू विचारलं.

"इथं मला करमत नाही. मला घेऊन जा," अण्णा म्हणाले. "हेच. पुन्हा पुन्हा."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि काढलेली बटणं परत लावायला घेतली. "कुमुद, ऊठ. तोंड धू. शाळेची कचेरी बंद व्हायच्या आत पोचू."

कुमुद हुंदके देत म्हणाली, "पण अण्णा, तुम्ही तर नापास झालात."

"मी झालो," अण्णा म्हणाले. "तू कुठं झालीस?"